सही करायच्या आधी सिव्हिल, मग विजयनगर

पत्र असं आहे, थोडं कमी करून देते:

"ताई, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो, घरात मी आणि आई दोघीच. आई वालचंदच्या पोरांचे डबे करते, मी कुपवाड एमआयडीसीत अकाउंटला आहे. पाच आठवड्यांपूर्वी सकाळी घंटागाडी आली म्हणून आई कचरा घेऊन बाहेर गेली, शेजारच्या काकांचं गेट उघडं होतं, त्यांचा रॉटवायलर सुटला आणि आईच्या उजव्या हाताला चावला. अंगठ्याजवळची शीर तुटली, प्रायव्हेटमध्ये ऑपरेशन झालं, आत्तापर्यंत ६२ हजार गेले. काका तेव्हा म्हणाले पोलिसांचं लफडं नको, खर्च मी बघतो. ५ हजार गुगल पे केले आणि मग गप्प. तिसऱ्या दिवशी कुत्रा तासगावकडच्या शेतावर पाठवला. आता म्हणतात तुमच्या आईनंच झाडू उगारला म्हणून तो चावला, तरी माणुसकी म्हणून अजून १० हजार देतो, पण स्टँपवर लिहून द्या की तक्रार नाही आणि पुढं करणार नाही. रविवारी गल्लीतली मंडळी बसणार आहेत. आई म्हणते सही करून टाकू, मुक्या जनावराला उगाच मारतील आणि शेजारधर्म पण बघायला पाहिजे. ओळखीतले एक वकील म्हणाले केस करू, मिळतील त्यातले ४० टक्के माझे. आमच्याकडं वकिलाला द्यायला पैसे नाहीत. आईचा अंगठा अजून वाकत नाही. इंजेक्शनं तीन झालीत, चौथं राहिलंय, वेळ मिळाला नाही. काय करू?"

अगं, तू शेवटी सहज लिहून टाकलंयस ना की चौथं इंजेक्शन राहिलंय, मी तिथूनच सुरू करणार. कोर्ट, पोलीस, स्टँप पेपर सगळं नंतर. उद्या सकाळी आईला घेऊन सिव्हिलला जा. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात ती इंजेक्शनं पहिल्या दिवशी, तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी असतात, म्हणजे तुमची तारीख केव्हाच उलटली. उलटली म्हणून कोर्स वाया जात नाही, परत पहिल्यापासून सहसा करावा लागत नाही, पण राहिलेला डोस लवकरात लवकर घ्यायचा असतो. प्रायव्हेटमध्ये दंडात देत असतील तर त्याचं वेळापत्रक वेगळं असतं, त्यात पाच डोस असतात, म्हणून जुना केस पेपर सोबत ने. आणि डॉक्टरांना स्पष्ट विचार की जखमेत आणि जखमेभोवती सीरम (लसीचा परिणाम सुरू होईपर्यंत रेबीजला रोखणारं औषध) टोचलं होतं का, कारण इतक्या खोल चाव्याला नुसती लस पुरत नाही, पहिल्या दिवसांत सीरम पण द्यायचं असतं. ते दिलं असेल तर पेपरवर लिहिलेलं असेल.

हे इतकं का ताणते सांगते. कुत्रा चावल्यानंतर १० दिवस त्याच्यावर नजर ठेवायची असते, १० दिवस तो धडधाकट राहिला तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत रेबीज नव्हता असं धरतात. तुमच्या बाबतीत कुत्रा तिसऱ्याच दिवशी शेतावर गेला. आज तो कसा आहे हे तुम्हा दोघींपैकी कुणी बघितलेलं नाही. बहुतेक ठणठणीत असेल, पाळीव आहे, लस दिलेली असेल, पण हे सगळं "असेल" आहे आणि रेबीजची लक्षणं एकदा सुरू झाली की माणूस वाचत नाही. त्यामुळं काकांना आजच व्हॉट्सॲपवर साधा मेसेज टाक, भांडणाचा सूर नको, "काका, डॉक्टरांनी विचारलंय, कुत्रा आत्ता कसा आहे आणि त्याच्या रेबीज लसीच्या कार्डाचा फोटो पाठवा." फोन नको, मेसेजच. कार्ड आलं तर डॉक्टरांना दाखव, नाही आलं तर ते नाही आलं हे पण लेखी राहिलं. आणि कार्ड आलं म्हणून चौथं इंजेक्शन रद्द, असं स्वतःच्या मनानं करायचं नाही.

आता रविवारचं बघू.

सही करायची नाही. आत्ता तरी नाही, आणि त्या कागदावर तर अजिबात नाही. मी तडजोडीच्या विरोधात नाहीये हं, उलट तुमच्यासारख्या प्रकरणात शेवट तडजोडीतच व्हावा असं मला मनापासून वाटतं, भिंतीला भिंत लागून राहायचंय तुम्हाला. पण तडजोड कधी करायची आणि कुठल्या कागदावर, ह्यात सगळं आहे. आईचा अंगठा अजून वाकत नाही. फिजिओथेरपी किती महिने चालणार, दुसरं ऑपरेशन लागेल का, पोळपाट-लाटणं परत हातात धरता येईल का, ह्यातलं काहीच आज ठरलेलं नाही, मग १५ हजारात हिशोब मिटला असं आज कुठल्या आधारावर लिहून द्यायचं? फौजदारी तक्रारच करणार नाही असला करार कोर्ट सहसा धरत नाही हे खरं, पण "पूर्ण रक्कम पावली, आता काही मागणं नाही" ही ओळ मात्र गळ्यात पडते. उद्या दावा लावला की काकांचा वकील पहिला तोच कागद पुढं करेल, मग तो दबावाखाली घेतला होता हे आपण सिद्ध करत बसायचं.

गल्लीतली मंडळी बसली तर बसू देत, आईला एकटीला पाठवू नको, तू सोबत जा आणि शांतपणे एवढंच सांग की डॉक्टरांनी अजून उपचार पूर्ण झाले असं लिहून दिलेलं नाही, ते दिल्यावर आपण बसू आणि जे ठरेल ते लोकअदालतीत लिहून घेऊ. शेजारधर्माचा विषय निघेल, निघू दे. अंगावर चालून येणाऱ्या जातीचा कुत्रा पाळून गेट उघडं टाकणं, बाईचा हात निकामी झाल्यावर ५ हजारात गप्प बसणं आणि वर तिनंच झाडू उगारला म्हणणं, ह्यात शेजारधर्म कुठं बसतो ते आधी त्यांना विचारायला पाहिजे. तुझ्या आईनं तक्रार न करून पाच आठवडे शेजारधर्मच पाळलाय.

आईची भीती मी समजू शकते, कुत्र्याला मारतील म्हणून. तिला नीट सांग की तक्रार कुत्र्यावर होत नसते, मालकाच्या हलगर्जीपणावर होते. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ त्यासाठीच आहे, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर इजा होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणं हा गुन्हा आहे, ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पूर्वी आयपीसीत हेच कलम २८९ होतं. गुन्हा जामीनपात्र आहे, म्हणजे काकांना पण कुणी बेड्या घालून गल्लीतून नेणार नाही. आणि त्यांनी गेट लावलं असतं तर त्या जनावराला पण शेतावर जाऊन राहायची वेळ आली नसती.

आता ह्याच्याच जोडीला दुसरं एक कलम बघ, १२५. निष्काळजीपणानं दुसऱ्याचा जीव किंवा सुरक्षितता धोक्यात आणणं, आणि त्यातून गंभीर दुखापत झाली तर ३ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. गंभीर म्हणजे काय हे पण कायद्यात दिलंय, त्यात एक मुद्दा असा की माणसाला १५ दिवस आपलं रोजचं काम करता आलं नाही तर ती गंभीर दुखापत. जुन्या कायद्यात हे २० दिवस होते. तुझ्या आईनं पाच आठवडे डबा केलेला नाही. पण हे तू सांगून चालत नाही, डॉक्टरांनी लिहून द्यायला पाहिजे, "अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत उजव्या हातानं काम करण्यास असमर्थ." हे सर्टिफिकेट ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांकडून घे, अख्ख्या प्रकरणात ह्याच्याइतका वजनदार कागद दुसरा नसेल. कलमं कुठली लावायची ते पोलीस ठरवतात, तू फक्त घडलेलं नीट सांगायचं आणि कागद द्यायचे.

ॲडमिट केलं तेव्हा एमएलसी (म्हणजे दवाखान्यानं पोलिसांसाठी करायची मेडिको-लीगल नोंद) झाली नाही असं तुझ्या पत्रावरून दिसतंय. कुत्रं चावून ऑपरेशनपर्यंत गेलेल्या केसमध्ये दवाखान्यानं पोलिसांना कळवायला पाहिजे होतं, पण "पोलिसांचं लफडं नको" म्हटलं की बऱ्याचदा हे राहून जातं. आता डिस्चार्ज कार्ड काढ आणि हिस्टरीच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाच. "डॉग बाईट" लिहिलंय का, तारीख-वेळ आहे का, "शेजारच्या पाळीव कुत्र्यानं" असं आहे का? नसेल तर घाबरू नको, पण दवाखान्याला अर्ज करून इनडोअर पेपरची कॉपी मागून घे, पेशंटला ती मिळते. जखमेचे पहिल्या दिवसाचे फोटो तुझ्या मोबाईलमध्ये असतील, ते डिलीट होऊ देऊ नको, आणि आजपासून दर आठवड्याला अंगठ्याचा फोटो आणि वाकवायला लावून छोटा व्हिडिओ काढून ठेव.

पाच आठवडे झाले, आता पोलीस तक्रार घेतील का? घ्यायला पाहिजे. उशिरा दिली म्हणून तक्रार बाद होत नाही, फक्त उशीर का झाला ते तक्रारीतच लिहायचं, लपवायचं नाही. लिही की आई दवाखान्यात होती, ऑपरेशन झालं, आणि शेजाऱ्यांनी खर्च देतो म्हटलं म्हणून आम्ही थांबलो, आता त्यांनी हात वर केले. ह्यात खोटं काही नाही. तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात जा, ठाणे अंमलदाराकडं लेखी अर्ज दे, दोन कॉपी ने आणि एकीवर सही-शिक्का घेऊन ये. अदखलपात्र (म्हणजे पोलीस स्वतःहून तपास करत नाहीत असा गुन्हा) लिहून एनसीची पावती हातात द्यायचा प्रयत्न होऊ शकतो, तेव्हा नम्रपणे सांग की २९१ दखलपात्र आहे, एफआयआर पाहिजे. एफआयआरची कॉपी फुकट मिळते, तो आईचा हक्क आहे. नाहीच घेतली तर तोच अर्ज पोस्टानं एसपींना, रजिस्टर एडी करून, आणि तिथंही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो, तो वकील करतील. ह्या गुन्ह्याची कोर्टानं दखल घ्यायला पण मुदत असते, २९१ ला १ वर्षाची, म्हणून बघू-बघू करत बसू नका.

झाडू उगारला, हे जे काका म्हणतायत ना, त्याचं उत्तर घंटागाडीत आहे. गाडी दारात असताना झालंय म्हणजे ड्रायव्हर आणि कचरा घेणारे मदतनीस तिथं होते. उद्या सकाळी गाडी येईल तेव्हा त्यांना भेट, काय बघितलं विचार, नाव आणि मोबाईल नंबर लिहून घे, तेही तयार असतील तरच, जबरदस्ती नको. आणि समजा हातात झाडू होता, तर सकाळी कचरा टाकायला आलेल्या बाईच्या हातात झाडू नसणार तर काय असणार! रस्ता सार्वजनिक आहे, ती त्यांच्या अंगणात शिरलेली नव्हती, कुत्रा तिच्याकडं आला. गल्लीत कुणाचा सीसीटीव्ही असेल तर बघ, घरगुती डीव्हीआरवर जुनं रेकॉर्डिंग काही दिवसांत पुसलं जातं त्यामुळं फार आशा धरू नको, पण कुणी तेव्हाच क्लिप काढून ग्रुपवर टाकलेली असते कधीकधी, ती शोध.

आणखी एक शोध घ्यायचा. ह्या कुत्र्यानं आधी कुणाला धरलं होतं का? कुरिअरवाला, गॅसवाला, कुणाची पँट फाडली, कुणाच्या पोराच्या मागं लागला? हे का महत्त्वाचं, तर जनावर अंगावर जातं हे मालकाला माहीत असूनही त्यानं बंदोबस्त केला नाही असं दाखवता आलं की निष्काळजीपणा सिद्ध करणं पुष्कळ सोपं जातं. "काय करत नाही ओ तो" म्हणणाऱ्या मालकाला मग पळवाट राहत नाही. महापालिकेकडं माहिती अधिकारात विचारता येतं, ह्या पत्त्यावर कुत्र्याचा परवाना आहे का, आधी तक्रारी आल्यात का. अर्जाला १० रुपये फी, उत्तर ३० दिवसांत.

काकांचे व्हॉट्सॲप मेसेज, "खर्च मी बघतो" वगैरे, ते सोन्यासारखे जप. नुसते स्क्रीनशॉट काढून चॅट उडवू नको, मूळ फोनमध्ये राहू दे, फोन बदलायचा असेल तर ह्या भानगडीतून मोकळी झाल्यावर बदल, कारण इलेक्ट्रॉनिक पुरावा कोर्टात द्यायचा तर त्याच्यासोबत ठराविक नमुन्यातलं प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि मूळ उपकरण हातात असलं की सगळं सोपं जातं. ५ हजार गुगल पे आलेत, त्याची नोंद पण बँक स्टेटमेंटवर आहेच.

आता पैशाचं बोलू, कारण खरा घोळ तिथं होतो. फौजदारी केसमधला दंड सरकारजमा होतो, तो आईला मिळत नाही. कोर्ट शिक्षा देताना पीडिताला भरपाई द्या असं सांगू शकतं, ती तरतूद आहे, पण नुकसान भरून मिळायचा मुख्य रस्ता दिवाणी दाव्याचा किंवा तडजोडीचा. दावा लावायला साधारण ३ वर्षांची मुदत धरतात. त्यात काय काय मागता येतं? झालेला खर्च, पुढं होणारा खर्च, रिक्षाभाडं, बुडालेली कमाई, वेदना आणि त्रास, हातात कायमचं अधूपण राहिलं तर त्याचं वेगळं. रिक्षाभाडं लोक सोडून देतात, सोडू नको, ऑपरेशनपासून किती फेऱ्या झाल्या त्या तारखांसकट लिही.

बुडालेल्या कमाईचा पुरावा तुझ्या घरातच आहे. डबे करणाऱ्या बाईकडं वही असते, कुणाचा डबा सुरू झाला, कुणाचा सुट्टीत बंद, कुणी किती दिले, कुणाचे बाकी. ती वही जशी आहे तशी ठेव, तेलाच्या डागांसकट, तिची सुवाच्य नवी कॉपी करत बसू नको, कारण रोजच्या रोज लिहिलेल्या वहीवर कोर्ट विश्वास ठेवतं आणि नव्या कोऱ्या कॉपीवर संशय घेतं. जिथं नोंदी थांबल्यात त्या पानाचा आज फोटो काढ. पोरं यूपीआय करत असतील तर बँकेचं स्टेटमेंट काढ, आणि दोघा-चौघांकडून साध्या कागदावर लिहून घे की अमुक महिन्यापासून मावशींकडं डबा होता, इतके पैसे द्यायचो, अमुक तारखेपासून बंद. आयकर भरत नाही म्हणून कमाई नव्हती, असं कुणी म्हटलं तर हे सगळं उत्तर आहे.

आणि खरं सांगते, मोठ्या आकड्यांची स्वप्नं बघू नका. मोबाईलवर अमेरिकेतले व्हिडिओ येतात, कुत्रा चावला आणि लाखो डॉलर मिळाले. तिथं घराच्या विम्यातून पैसे येतात आणि वकील टक्केवारीवर काम करतात. आपल्याकडं दिवाणी दाव्याला वर्षं लागतात आणि कोर्ट रुपया-रुपयाचा पुरावा मागतं. म्हणून तर मी कागदांवर इतका जोर देतेय, कागद पक्के असले की समोरचा दाव्याआधीच टेबलावर येतो. काकांनी कुत्र्याचा विमा काढलाय का हे पण विचार, काही पॉलिसींमध्ये कुत्र्यानं तिसऱ्याला इजा केली तर त्याचं कव्हर असतं, मग त्यांच्या खिशाला झळ न लागता तुमचं काम होऊ शकतं.

४० टक्केवाले वकील. त्यांना नमस्कार करून परत फिर. आपल्याकडं बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणं वकिलाला निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही, मिळालेल्या रकमेत वाटा घेता येत नाही. वकील ठरलेली फी घेऊ शकतो, हप्त्यानं घेऊ शकतो, फुकट लढू शकतो, पण भागीदार होऊ शकत नाही. नियमच डोळ्याआड करणारा माणूस तुमच्या प्रकरणात पुढं काय करेल ह्याची शाश्वती मला वाटत नाही. कुठल्याच वकिलाला मूळ कागद देऊन येऊ नको, झेरॉक्स दे, ओरिजिनल कोर्टात दाखवायच्या दिवशी.

आणि तुम्हाला वकिलाचे पैसे द्यायची गरजच नाही, हे तुला कुणी सांगितलेलं नाही म्हणून वाईट वाटतं. विधी सेवा प्राधिकरण कायदा १९८७ चा आहे, त्याखाली बाईला मोफत वकील मिळतो, तिची कमाई कितीही असो, उत्पन्नाचा दाखला लागत नाही. लहान मुलांना पण तसंच, अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना, अपंगांना पण. बाकीच्यांना उत्पन्नाची मर्यादा आहे, महाराष्ट्रात वर्षाला ३ लाख. मोफत म्हणजे नुसता सल्ला नाही, वकील, अर्ज-दावा लिहिणं, कोर्ट फी, टायपिंग-झेरॉक्सचा खर्च सगळं त्यात येतं. फुकटचा वकील म्हणजे लक्ष देणार नाही अशी लोकांची समजूत असते, ते पॅनेलवरचे वकील त्याच कोर्टात रोज उभे राहतात, आणि नाहीच जमलं तर बदलून मागता येतो, त्यासाठी अर्ज करायचा.

दावा न लावता पण विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात काम होऊ शकतं. तुम्ही अर्ज केला की ते काकांना नोटीस काढून बोलावतात, दाखलपूर्व प्रकरण म्हणतात त्याला, आणि लोकअदालतीत किंवा मध्यस्थीत बसवतात. काकांनी तिथं अमुक रक्कम, अमुक हप्ते आणि पुढच्या फिजिओचा खर्च मान्य केला की लोकअदालतीचा निवाडा होतो, त्याला दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्याची किंमत असते आणि त्यावर अपील नाही. म्हणजे हप्ता चुकवला तर थेट वसुली. रविवारी गल्लीत जो कागद होणार होता त्याच्यात आणि ह्याच्यात एवढा फरक आहे. एफआयआर झाली म्हणून हा रस्ता बंद होत नाही. आईला हे समजावून सांग, शेजाऱ्याशी भांडायला कोर्टात जायचं नाहीये, परत न भांडायची सोय करायला जायचंय.

दोन ओळी मोकाट कुत्र्यांबद्दल, कारण तशी पत्रं साताऱ्यातून, कराडमधून पण येतात. कुत्रा कुणाचाच नसेल तर जबाबदारी स्थानिक संस्थेकडं जाते, नसबंदी आणि लसीकरण करणं २०२३ च्या नियमांप्रमाणं त्यांचं काम आहे. पंजाब-हरियाणा हायकोर्टानं नोव्हेंबर २०२३ मध्ये दाताच्या एका खुणेला कमीत कमी १० हजार भरपाई ठरवून दिली होती, ती तिकडं, आपल्याला आपोआप लागू नाही, पण वकिलाला दाखला द्यायला उपयोगी. सुप्रीम कोर्टानं ७ नोव्हेंबर २०२५ ला शाळा, दवाखाने, बसस्टँड, रेल्वे स्टेशन अशा जागांतून मोकाट कुत्री हलवायला सांगितलंय, तेव्हा स्टँडवर किंवा शाळेच्या आवारात कुणाला चावलं तर तक्रारीत ह्या आदेशाचा उल्लेख करा. नगरपालिका किंवा महापालिकेवर दावा लावायचा तर आधी लेखी नोटीस द्यावी लागते आणि मुदत पण ३ वर्षांपेक्षा फार कमी असते, तिथं उशीर परवडत नाही.

तर सोमवारी अर्धा दिवस सुट्टी टाक. विजयनगरला जिल्हा न्यायालयात जा, तिथंच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे. साताऱ्याच्या लोकांसाठी तसंच साताऱ्याच्या जिल्हा न्यायालयात, आणि तासगाव, विटा, जतसारख्या ठिकाणी तालुक्याच्या कोर्टात तालुका विधी सेवा समिती असते. जायच्या आधी फोन करायचा असेल तर १५१०० हा देशभरचा नंबर आहे. आईला येणं शक्य असेल तर तिलाच ने, अर्ज तिच्या नावानं होणार, डाव्या हाताचा अंगठा चालतो, सही जमत नसेल तर तिथं सांग. सोबत डिस्चार्ज कार्ड, बिलं, इंजेक्शनांचा केस पेपर, फोटो, मेसेजच्या प्रिंट, डब्यांची वही आणि काकांनी पाठवलेला स्टँपचा मसुदा पण ने, आणि आईचं आधारकार्ड घरी विसरू नको.